पहिला घाणा

आमच्या घरी दिवाळीच्या अनरशांना आरंभ होतो तो एका अनरशाने. तांदूळ तीन दिवस भिजलेले असतात, रोज त्यांचे पाणी बदललेले असते. मग सावलीत निथळवून, कांडून, चाळून आणि गुळात मळून ते पीठ डब्यात मुरलेले असते. आठवड्याची मेहनत त्या एका डब्यात असते म्हणा ना! तरीही सासूबाई कढईपुढे बसल्या की पिठाचा मोठा गोळा कधी हाती घेत नाहीत. सुपारीएवढी एक गोळी घेतात, खसखशीवर थापतात आणि तुपात सोडतात. सगळे घर त्या एका अनरशाकडे पाहत राहते. तो जाळीदार फुलला तर ठीकच. तुपात विरघळून पसरला तर सासूबाई म्हणतात, ‘‘हसला गं बाई!’’ आणि परातीत थोडी तांदळाची पिठी मिसळतात. अनरसा हसला म्हणून आमच्याकडे आजवर कोणी रडले नाही, कारण हसलेला अनरसा एकच असतो. पन्नास अनरसे एकदम सोडल्यावर जे हसे होते ते निराळे.

आजचा माझा विषय अनरसे हा नाही. त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्ती प्रत्येक वाचकाच्या घरी आहे. मला लिहायचे आहे ते सचेतनपटांविषयी, ज्यांना आपण घरात सरसकट ‘कार्टून’ म्हणतो त्यांच्याविषयी. आणि त्यातही त्यांच्या अशा एका अवस्थेविषयी, जी पडद्यावर कधी येत नाही. गेल्या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर ‘स्नो व्हाइट’ आणि ‘टॉय स्टोरी’ हे दोन चित्रपट मी पुन्हा पाहिले. त्यांच्या तबकड्यांवर मूळ चित्रपटाखेरीज काही कच्चे तुकडेही जोडलेले होते. मुले ते पाहायला थांबली नाहीत. मी थांबले, आणि खरे सांगायचे तर पक्क्या चित्रपटांइतकाच विचार मला त्या कच्च्या तुकड्यांनी करायला लावला.

सचेतनपटाचे दुखणे आधी समजून घ्यावे लागते. साध्या चित्रपटाचा दिग्दर्शक नटाला म्हणू शकतो, ‘‘हे जरा हळू म्हणा, पुन्हा एकदा घेऊ.’’ नटाच्या चेहऱ्यावर न सांगता एखादी छटा उमटते, वाऱ्याने पदर उडतो, मागून एखादे कुत्रे जाते आणि चित्रात आपोआप जीव येतो. सचेतनपटात आपोआप काहीच होत नाही. तिथे कोणी हलवल्याखेरीज झाडाचे पान हलत नाही. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट ८३ मिनिटांचा आहे. वाचकांनी हिशेब करून पाहावा, जवळजवळ १ लाख २० हजार चित्रचौकटी होतात. एकेक रेखाटन पुष्कळदा दोन चौकटींसाठी वापरतात हे धरले, तरी एका चौकटीत कित्येकदा अनेक पात्रे असतात. त्या काळी प्रत्येक रेखाटन हाताने कागदावर काढायचे, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर गिरवायचे, त्याच्या पाठीमागून रंग भरायचे, ते पार्श्वभूमीवर ठेवायचे आणि मग त्याचे छायाचित्र घ्यायचे. एवढे झाल्यावर प्रसंग फसल्याचे कळणे म्हणजे पन्नास अनरसे एकदम हसणे.

म्हणून ह्या कलेत कच्चा नमुना हा सोयीचा भाग राहिलेला नाही. तो तिच्या हाडामांसाचा झाला आहे. पण कच्चा नमुना म्हणजे नेमके काय? पुष्कळांची अशी समजूत असते की तो पक्क्या कलाकृतीची लहान, स्वस्त आवृत्ती असतो. मला तसे वाटत नाही. चांगला नमुना म्हणजे कलावंताने स्वतःला विचारलेला एकच प्रश्न. तो प्रश्न कोणता हे त्याला ठाऊक असेल तर नमुना साधतो. नसेल तर नुसतेच अर्धवट काम हाती राहते.

ह्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच घरचे आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपले देव, आपल्या कथा पडद्यावर आणायचा ध्यास घेतला, ही कथा सर्वांना माहीत आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले हेही माहीत आहे. पण त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीसमोर ठेवला, ही गोष्ट आपण जरा घाईने सांगून टाकतो. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत घेत त्यांनी वाटाण्याचा अंकुर फुटण्यापासून वेल वाढण्यापर्यंतची छोटीशी फीत तयार केली. महिनाभराची वाढ पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्षणांत घडत होती. ही फीत त्यांनी निवडक लोकांना दाखवली. त्यांतल्या यशवंतराव नाडकर्णींनी पैसे देऊ केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आता ह्यात विचार करण्यासारखे काय आहे पाहा. सावकाराला दाखवायचे तर दुसरा एखादा माणूस हरिश्चंद्राचा एखादा प्रसंगच करून दाखवता. कोणाला तरी मुकुट चढवता, स्मशानाचा पडदा रंगवता. तो प्रसंग बहुधा फसला असता, आणि पाहणारा म्हणाला असता, ‘‘ह्यापेक्षा आमच्या नाटक कंपन्या बऱ्या.’’ फाळक्यांनी असा नट निवडला ज्याला पगार नको, पोशाख नको, तालीम नको. आणि प्रश्न एकच ठेवला: ह्या देशात, ह्या माणसाच्या हातून, ह्या पेटीतून अचेतन चित्राला चेतना देता येईल काय? हरिश्चंद्राच्या दुःखाचा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारलाच नाही. त्याची वेळ आलेली नव्हती. शिवाय रंगभूमीला जे कधीच दाखवता येणार नाही तेच त्यांनी दाखवले. एकेक चित्र थांबून थांबून घ्यायचे आणि सलग पळवायचे, हेच तर सचेतनपटाचे मूळ तत्त्व. पुढे ह्याच तत्त्वावर त्यांनी आगकाड्या नाचवल्या. म्हणून आपल्याकडच्या चित्रपटाचा पहिला अंकुर हा अक्षरशः अंकुर होता आणि तो एक कच्चा नमुना होता, असे मी वर्गात मुलांना सांगते.

‘हे करता येईल काय?’ हा झाला पहिला प्रश्न. वॉल्ट डिस्नेपुढे १९३४ साली हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. उंदीर, बदके आणि डुकरे नाचवणाऱ्या त्याच्या चित्रकारांना माणसाची मुलगी चालवता येत नव्हती. त्या वर्षी त्यांनी ‘द गॉडेस ऑफ स्प्रिंग’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्यातली वसंतदेवता आज पाहिली तर हसू येते. तिच्या हातांत हाडेच नाहीत. रबरी नळ्या झुलाव्यात तसे ते झुलतात. पण ते हात फसले म्हणूनच चित्रकारांना कळले की कल्पनेतून माणूस हलवता येत नाही. मग मार्जोरी बेल्चर नावाच्या तरुण नर्तकीला स्नो व्हाइटच्या हालचाली करायला लावून त्यांचे चित्रण झाले आणि त्यावरून अभ्यास सुरू झाला. पुढे १९३७ मध्ये ‘द ओल्ड मिल’ निघाला. एकाखाली एक काचांचे थर मांडून चित्राला खोली देणारा नवा कॅमेरा पारखण्यासाठी केलेला हा छोटा पट. त्यात कथा जवळजवळ नाहीच. एक पडकी पवनचक्की, तिच्यात वस्तीला आलेली पाखरे, एक घुबड आणि वादळाची रात्र. परीक्षेसाठी केलेल्या ह्या तुकड्याला ऑस्कर मिळाले. मला तो त्या काळच्या पुष्कळ पूर्ण चित्रपटांहून सरस वाटतो, कारण आपण काय शोधतो आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि त्यापलीकडे तो जात नाही.

दुसरा प्रश्न असतो, ‘हे जिवंत वाटते काय?’ त्यासाठी पेन्सिलीच्या रेघोट्यांचीच छायाचित्रे घेऊन ती पळवून पाहत. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, रेघेवर रेघ गिरवलेली. डिस्नेच्या स्टुडिओत ज्या कोंदट खोलीत हे तुकडे पाहिले जात तिला चित्रकारांनी ‘घामाची पेटी’ असे नाव ठेवले होते. घाम उकाड्याने येई तसाच मालक शेजारी बसून आपले काम पाहतो आहे ह्यानेही येत असावा. शाळा तपासायला साहेब आले की आम्हा शिक्षकांना तो घाम चांगला ओळखीचा आहे.

परंतु खरा कठीण प्रश्न तिसरा. ‘हे हवेच आहे काय?’ पहिल्या दोन प्रश्नांना फसलेले काम उत्तर देते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर उत्तम जमलेले काम टाकावे लागते.

‘स्नो व्हाइट’मध्ये बुटक्यांचा सूप पिण्याचा एक प्रसंग होता. वॉर्ड किंबल नावाच्या विशीतल्या चित्रकाराने महिनोन्‌महिने खपून तो पेन्सिलीत पूर्ण केला होता. सातही बुटके टेबलाभोवती बसून भुरके मारताहेत, गाण्याच्या तालावर सूप ओरपताहेत आणि स्नो व्हाइट त्यांना जेवण्याची रीत शिकवू पाहते आहे. डिस्नेने तो प्रसंग काढून टाकला. पुढे १९५६ साली त्यानेच दूरदर्शनवरच्या आपल्या कार्यक्रमात तो पेन्सिलीतल्या स्वरूपात लोकांना दाखवला, म्हणून आज आपल्याला तो पाहता येतो.

मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा मला डिस्नेचा रागच आला. इतके जिवंत, इतके खोडकर चित्र! प्रत्येक बुटका आपल्या स्वभावाप्रमाणे भुरका मारतो. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मी पक्का चित्रपट लावून तो प्रसंग नेमका कुठे बसला असता ते शोधले, आणि मग माझा राग निवळला. चित्रपटात स्नो व्हाइट चुलीवर सूप चढवते, बुटक्यांना हात धुवायला पिटाळते. मग न्हाण्याची ती धमाल होते, कुरकुऱ्या ग्रंपीला सगळे मिळून पाण्यात बुचकळतात आणि जेवणाची हाक येते. तेवढ्यात चित्रपट आपल्याला राणीच्या तळघरात नेऊन उभा करतो, जिथे ती थेरडीचे रूप घेत आहे. पुन्हा बुटक्यांच्या घरी येतो तेव्हा गाणी-नाच चाललेला आहे. म्हणजे चुलीवर चढवलेले सूप ह्या चित्रपटात कोणी पितच नाही! आजवर किती लाख मुलांनी हा चित्रपट पाहिला असेल. ‘सूप कुठे गेले?’ असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्या घरच्या मुलांनीही विचारले नाही, आणि ती जेवणाच्या बाबतीत फार चौकस आहेत.

ह्याचे कारण सरळ आहे. न्हाण्याच्या प्रसंगात बुटक्यांचा गबाळेपणा आणि स्नो व्हाइटची माया ह्या दोन्ही गोष्टी सांगून झालेल्या आहेत. सूप तेच पुन्हा सांगते, कदाचित अधिक गमतीने सांगते. पण तेवढ्या वेळात आपण राणीला विसरतो. आणि राणीला विसरलो की सफरचंदात विष राहत नाही. सूपाचा प्रसंग फसला नव्हता, तो फक्त नको होता. पेन्सिलीत होता म्हणून काढता आला. रंगून झाला असता तर इतक्या खर्चाच्या आणि श्रमाच्या मोहाने तो ठेवला गेला असता, आणि समीक्षकांनी ‘मध्यंतरी चित्रपट किंचित रेंगाळतो’ असे एक गुळमुळीत वाक्य लिहून हात झटकले असते. किंबलची हकीकत अशी सांगतात की तो राजीनामा द्यायच्या विचाराने डिस्नेकडे गेला आणि ‘पिनोकिओ’तल्या जिमिनी क्रिकेटचे काम घेऊन बाहेर आला. १९४० सालच्या त्या चित्रपटातला तो रातकिडा पाहताना मला त्या सूपाची चव लागते.

‘स्नो व्हाइट’वर काम केलेला क्लेअर वीक्स नावाचा एक चित्रकार १९५६ साली मुंबईला आला आणि फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागातल्या आपल्या तरुणांना त्याने ही कला शिकवली. तिथून १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा जातककथेवरचा पट निघाला आणि राम मोहन ह्यांच्यासारखा कलावंत घडला. फाळक्यांच्या वाटाण्याला अशी एक दूरची फांदी नंतर येऊन मिळाली.

आता ‘टॉय स्टोरी’. संगणकावर तयार झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट २२ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सगळ्यांचे डोळे संगणकाच्या करामतीवर होते. पण त्याचे भवितव्य ठरले ते दोन वर्षे आधी, साध्या चित्रांच्या एका कच्च्या फितीवर. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगामागून प्रसंग रेखाटून भिंतीवर टाचलेली चित्रे. ती ओळीने चित्रित करून त्यांना आवाज आणि संवाद जोडले की चित्रपटाचा एक कच्चा खर्डा डोळ्यांनी पाहता येतो. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी, एका शुक्रवारी, पिक्सारच्या मंडळींनी डिस्नेच्या अधिकाऱ्यांना अशी फीत दाखवली. ती इतकी पडली की काम थांबवण्याचा हुकूम झाला. त्या मंडळींत तो दिवस आजही ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो.

काय चुकले होते? अँडी नावाच्या मुलाचा लाडका जुना बाहुला वूडी आणि घरात नव्याने आलेला अंतराळवीर बझ ह्यांच्या मत्सराची आणि मैत्रीची ही गोष्ट. कच्च्या फितीत वूडी इतर खेळण्यांना हिडीसफिडीस करतो, टोमणे मारतो आणि बझला उचलून सरळ खिडकीबाहेर ढकलतो. पक्क्या चित्रपटातही बझ खिडकीतून पडतोच. परंतु तिथे वूडीला त्याला फक्त टेबलामागच्या फटीत पाडायचे असते, म्हणजे अँडी आज आपल्याला बरोबर नेईल एवढाच क्षुद्र बेत. आणि मग एकातून एक भलतेच घडत जाऊन टेबलावरच्या दिव्याचा दांडा फिरतो आणि बझ बाहेर फेकला जातो. प्रसंग तोच, खिडकी तीच, पडणाराही तोच. बदलला तो फक्त ढकलणाऱ्याचा हेतू. पहिल्या वूडीला आपण घरात ठेवून घेणार नाही. दुसऱ्या वूडीत आपल्याला आपले धाकटे भावंड झाल्याच्या वेळचे स्वतःचे मन दिसते. थोरल्या मुलाने पाळण्याला नुसता जरा जोराने झोका द्यावा आणि बाळ दचकून रडावे, तसा तो प्रसंग झाला आहे. ह्या एका बदलावर तो अख्खा चित्रपट उभा आहे असे माझे मत आहे.

येथे कोणी म्हणेल, मग दुसऱ्यांना दाखवले की सुधारते, एवढाच ह्याचा अर्थ. गोष्ट इतकी सोपी नाही. वूडी असा खाष्ट झाला होता तो मुळात वरिष्ठांच्याच सूचनांमुळे. पात्रांना जरा धार आणा, पोरकटपणा कमी करा, असे सांगितले जात होते आणि दर सूचनेसरशी वूडीची धार वाढत वाढत तो कापू लागला होता. म्हणजे नमुना पुन्हा पुन्हा दाखवल्याने तो बिघडलाही होता. पहिल्या अनरशाची चव दहा जणांनी घेतली आणि दहा जणांचे ऐकून दहा गोष्टी पिठात मिसळल्या, तर शेवटी काय तळले जाईल ते सांगवत नाही. काळ्या शुक्रवारी त्या मंडळींना वाचवले ते वेगळ्याच गोष्टीने. आपलीच फीत त्यांनी स्वतः पाहिली आणि ‘हा आमचा चित्रपट नाही’ हे त्यांना स्वतःला उमगले. काही आठवड्यांत त्यांनी आपल्या मनाप्रमाणे नवा खर्डा उभा केला आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले. कच्चा नमुना दुसऱ्याला दाखवायचा असतो हे खरे. पण दुसरा पाहत असताना आपणही तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो, हा त्याचा मोठा उपयोग. शेजारी कोणी बसले की आपले दोष आपल्यालाच आधी दिसतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जपानचे हायाओ मियाझाकी हे ह्या कलेतले एक महान नाव. २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’सारख्या चित्रपटांचे काम ते स्टोरीबोर्ड पुरा होण्याआधीच सुरू करतात, शेवट काय होणार हे ठरलेले नसताना सुरुवातीची चित्रे हलू लागलेली असतात. मग आमच्या पहिल्या घाण्याचे काय? मला वाटते, त्यांचा स्टोरीबोर्ड ते स्वतःच्या हाताने, एकट्याने काढतात, तोच त्यांचा खर्डा असतो. तो फळीवर टाचून समितीपुढे येत नाही इतकेच. पन्नास वर्षे कढईपुढे बसलेल्या बाईला तुपाच्या आवाजावरून कळते. तिची गोष्ट तिच्यापाशी. आपण सर्वांनी तिची नक्कल करण्यात शहाणपण नाही.

हे सारे मी लिहिते आहे त्याला एक खासगी कारण आहे, आणि ते लपवणे बरे नव्हे.

माझी पहिली कादंबरी मी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत, निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिली. शिक्षकाचे अक्षर, खाडाखोड दिसली की मी ते पान फाडून पुन्हा उतरून काढी. नायिका शाळामास्तरीण होती, हे सांगायला नकोच. पहिली पाच प्रकरणे झाल्यावर मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण जन्मभर पोथ्या आणि कीर्तने ऐकलेले कान. पाच प्रकरणे त्यांनी मान न वर करता ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘बाई फार चांगली आहे गं. पण तिच्या घरी मी काही पाहुणी जायची नाही.’’

मी हसले. त्यांना कादंबरी हा प्रकार कळला नाही असे मनाशी ठरवून टाकले. वह्या इतक्या स्वच्छ होत्या, ओळी इतक्या सरळ होत्या, की त्यांत काही चुकले असेल हे मला दिसूच शकत नव्हते. माझ्या सुवाच्य अक्षरानेच माझा घात केला. पुस्तक छापून आले. पत्रे आली, चांगली आली; पण त्या नायिकेविषयी कोणी मायेने लिहिले नाही. तीन वर्षांनी माझीच एक जुनी विद्यार्थिनी भेटली आणि संकोचत म्हणाली, ‘‘बाई, ती कधीच का हो चुकत नाही?’’ घरी येऊन मी पुस्तक उघडले. पानोपानी ती बाई बरोबर होती. दुसऱ्याला क्षमा करण्यातसुद्धा ती बरोबर होती. वूडीचा दोष खाष्टपणाचा होता, हिचा सद्‌गुणांचा. पण परिणाम एकच, दोघांनाही कोणी घरात घेईना. वूडी पेन्सिलीत होता म्हणून सुधारला. माझी बाई छापून गेली होती.

आपल्या साहित्यात खर्डा दाखवणे कमीपणाचे मानतात, असे मला राहून राहून वाटते. नाटकवाले ह्या बाबतीत शहाणे. वाचन, उभ्या तालमी, रंगीत तालीम, मग प्रयोग, अशा पायऱ्या त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. शाळेतसुद्धा पूर्वी पाटी होती. चुकले की थुंकी लावून पुसता येई आणि चुकीची खूण राहत नसे. आता पहिलीतल्या मुलाच्या हाती आपण छापील वही देतो आणि ते चुकले की घाबरून रडते. आम्हा लेखकांचेही तसेच झाले आहे. दिवाळी अंकाची तारीख डोक्यावर असते, पहिल्याच हाताला जे येते ते स्वच्छ टंकून रवाना होते, आणि टंकलेले अक्षर तर माझ्या निळ्या शाईपेक्षाही लबाड. कालचा कच्चा विचार त्यात आज पक्का दिसू लागतो. समीक्षकांपुढेही नेहमी तळून झालेलेच ताट येते. लेखकाने काय टाकले, हे जोवर आपल्याला पाहायला मिळत नाही तोवर त्याने जे ठेवले त्याची खरी पारख आपण करू शकत नाही. सूपाचा प्रसंग पाहिल्यावर मला ‘स्नो व्हाइट’ अधिक चांगला कळला, हा माझा अनुभव आहे.

हल्ली मी पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिते. मागच्या बाजूला सहामाहीच्या जुन्या प्रश्नपत्रिका असतात. अशा कागदाला कोणी जपत नाही, हाच त्याचा गुण. दुसरी कादंबरी त्यावर पुरी झाली आहे. तिच्यात एक प्रकरण आहे, आजोळच्या मळणीच्या दिवसांचे. ते लिहिताना मला जितका आनंद झाला तितका दुसरे काही लिहिताना झालेला नाही. ते चांगले आहे हे मला ठाऊक आहे. ते हवेच आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी चार महिने टाळते आहे.

सासूबाई आता थकल्या आहेत. कढईपुढे फार वेळ बसवत नाही, तरी पहिला अनरसा त्याच सोडतात. ह्या खेपेस घाणे आवरले की पाठकोऱ्या कागदांचा तो गठ्ठा मी त्यांच्यापुढे घेऊन बसणार आहे. मळणीचे प्रकरण आले की वाचता वाचता मला त्यांच्याकडे पाहायचे आहे. त्या काय म्हणतील हे ऐकण्याआधी माझे मलाच कळेल, असा माझा अंदाज आहे. तेव्हा हसला तर हसू दे. अजून सगळे पीठ परातीतच आहे.